चौथीतली न वाचणारी मुलं: छोटा गट कसा बांधायचा, कसा चालवायचा, कधी मोडायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्हा परिषदेची शाळा, चौथीचा वर्ग, पट ३४. त्यातल्या ११ जणांना धड वाचता येत नाही, वजाबाकीतही बहुतेक तीच मुलं मागे. जूनपासून शाळा सुटल्यावर तासभर थांबवून घेतलं, सप्टेंबर उजाडला तरी फरक नाही. छोट्या गटाने काही होईल का? आणि गट घेताना उरलेल्या २३ जणांचं काय करायचं?

होईल. पण अकरा जणांना एका कोपऱ्यात बसवलं म्हणजे छोटा गट होत नाही, फक्त वर्ग लहान होतो. त्या अकरांपैकी दोघा-तिघांना अक्षरंच पक्की नसतील. काहींना अक्षरं येतात, पण जोडून शब्द होत नाही. काही जण वेलांटी-उकार खातात. एखाद-दुसरा सगळं वाचतो आणि जोडाक्षरापाशी येऊन बसतो. या सगळ्यांसमोर एकच धडा सावकाश वाचला तर प्रत्येकाचाच वेळ जातो. तुमच्या जादा तासात बहुधा हेच झालं आहे.

शिवाय हिशेब करून पाहा. तासातला लिहिण्या-उतरवण्याचा वेळ काढला तर मोठ्याने वाचायला फार तर ३० मिनिटं राहतात. अकरा मुलांत एकेकाच्या वाट्याला पावणेतीन मिनिटं. बाकी वेळ मूल दुसऱ्याचं ऐकतं किंवा सुरात सूर मिसळतं. पाच जणांत तेवढ्याच वेळात सहा मिनिटं येतात. पण नुसती डोकी कमी करूनही भागत नाही. मुंबई आणि वडोदऱ्यात ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने चालवलेल्या बालसखी कार्यक्रमाचा अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला होता, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मागे पडलेली मुलं रोज काही वेळ वर्गाबाहेर बालसखीकडे, म्हणजे वस्तीतूनच नेमलेल्या शिकवणाऱ्या तरुणीकडे, जात. त्या मुलांची प्रगती झाली. ती गेल्याने मागे उरलेल्यांचा वर्ग लहान झाला, पण त्यांच्यात म्हणावा असा फरक पडला नाही. गट करण्याआधी कुणाचं नेमकं काय अडतंय हे कळायला हवं, ते यासाठी.

चाचणी: एकेकट्याची, तोंडी

एका कागदावर मोठ्या अक्षरांत पाच टप्पे लिहा. दहा सुटी अक्षरं, त्यात दिसायला सारखी अक्षरं मुद्दाम घाला: घ-ध, भ-म, थ-य, ट-ढ. मग बिनचिन्हांचे दहा शब्द: घर, नळ, बदक, कमळ असे. मग चिन्हांचे दहा: दिवा, पेरू, मीठ, कोळी, फुगा, चौक, मैना, गूळ, पाणी, शेत. मग जोडाक्षर नसलेली चार सोपी वाक्यं. शेवटी आठ-दहा वाक्यांची गोष्ट, तिच्यात रस्ता, सूर्य, प्रकाश, दुसऱ्या असे शब्द. मजकूर पाठ्यपुस्तकातला नको. धडे ऐकून पाठ झालेले असतात आणि पुस्तक उलटं धरूनही काही मुलं ते ‘वाचतात’.

सुरुवात चार वाक्यांपासून करा, ‘असर’ या ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताच्या देशव्यापी पाहणीतही परिच्छेदापासूनच करतात. वाचता आलं तर गोष्ट, नाही आलं तर शब्द, तेही नाही तर अक्षरं. त्यामुळे मुलाला सगळ्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत आणि पाच मिनिटांत काम होतं. शब्द किंवा अक्षर येतं असं कधी म्हणायचं? कुठल्याही पाचपैकी चार बरोबर आले तर. ३४ मुलांचे पाच मिनिटांप्रमाणे जवळपास तीन तास होतात. तीन-चार दिवसांत विभागून घ्या. फक्त ‘त्या’ अकरांचीच चाचणी घेऊ नका. प्रत्येक वर्गात दोन-तीन मुलं अशी असतात की ज्यांची वही सुंदर, अक्षर वळणदार, तक्रार शून्य, आणि वाचता काहीच येत नाही. ती फळ्यावरून चित्र काढल्यासारखं उतरवतात. अकरांच्या यादीत ती बहुधा नसतात.

कागदावर बरोबर-चूकची खूण करून थांबू नका, मूल काय म्हणालं ते जसंच्या तसं लिहा. सगळं निदान त्यात आहे. ‘दिवा’ला ‘देवा’ म्हणणाऱ्याचा वेलांटी आणि मात्रेत घोळ आहे. ‘घर’ला ‘धर’ म्हणणाऱ्याची नजर आकारावर चुकते. ‘क… म… ळ…’ म्हणून गप्प बसणाऱ्याला अक्षरं येतात, जोडणी येत नाही. ‘कमळ’ला ‘कपडा’ म्हणणारा पहिल्या अक्षरावरून अंदाज ठोकतो आहे. हा सगळ्यांत फसवा, कारण त्याचा वेग चांगला असतो.

घरच्या बोलीचा उच्चार ही वाचनातली चूक धरू नका. वऱ्हाडातलं मूल ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणत असेल तर त्याने शब्द बरोबर ओळखला आहे. तिथे अडवलंत तर पुढच्या वेळी ते तोंडच उघडणार नाही. घरात कोरकू, गोंडी किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाचा प्रश्न वेगळा. त्याने शब्द वाचला तरी तो त्याने आधी कधी ऐकलेलाच नसतो. त्याच्यासाठी शब्द आधी तोंडी, वस्तू किंवा चित्र दाखवून, मग कागदावर.

गट आणि वेळ

समजा अकरांची वाटणी अशी झाली: अक्षर आणि जोडणीत अडलेले चार, स्वरचिन्हांत अडलेले पाच, जोडाक्षर आणि ओघात अडलेले दोन. शेवटच्या दोघांत उरलेल्या २३ मधली अडखळत वाचणारी दोन-तीन मुलं घाला. त्यांनाही गरज असते, आणि ‘हा कच्च्यांचा गट’ हा शिक्का पुसट होतो. एका गटात सहापेक्षा जास्त नकोत. गटांना प्रगत-अप्रगत, अ-ब-क अशी नावं देऊ नका. मुलांना दुसऱ्या दिवशी अर्थ कळतो. पक्ष्यांची, नद्यांची, काहीही नावं चालतील, फक्त त्यांचा क्रम लागता कामा नये.

वेळ २५ मिनिटं. पहिले दोन गट सोमवार ते गुरुवार, तिसरा शुक्रवारी आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेत. म्हणजे सोमवार ते गुरुवार रोज ५० मिनिटं, एक गट मराठीच्या तासिकेत आणि दुसरा सरावाच्या वेळेत. आठवड्यातून एकदा दीड तास घेण्यापेक्षा चार वेळा २५ मिनिटं बरी, कारण या मुलांचं काल आलेलं तीन दिवसांनी गेलेलं असतं.

शाळा सुटल्यानंतरचा तास बंद करा. मूल दमलेलं असतं, पोटात भूक असते, भावंडं दारात ताटकळत असतात, आणि बाकीचे खेळायला जाताना दिसतात. याच कारणाने खेळाचा तास, चित्रकला आणि मधली सुट्टी यांतूनही मूल उचलू नका. ज्याला वर्गात फक्त कबड्डीत मान मिळतो त्याचा तोच तास काढून घेतला तर गटाबद्दल त्याच्या मनात काय बसेल ते उघड आहे. आणि वर्गात नवीन घटक शिकवला जात असेल तेव्हाही नाही, नाहीतर एक खड्डा बुजवताना दुसरा पडतो.

उरलेल्यांचं काय

बहुतेक ठिकाणी गट इथेच बुडतो. शिक्षक पाच जणांना घेऊन बसतात आणि दर मिनिटाला कुणीतरी येतं: ‘सर, पेन्सिल नाही’, ‘बाई, हा चिडवतोय’, ‘झालं, आता काय करू?’ २५ मिनिटांतली दहा त्यात जातात. म्हणून गट सुरू करण्याआधी दोन आठवडे गटाशिवाय रंगीत तालीम करा. सगळा वर्ग स्वतःचं काम करतो, तुम्ही नुसते कोपऱ्यात चटईवर बसता आणि उठत नाही. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, मग पंधरा, मग पंचवीस.

नियम तीनच. आवाज शेजाऱ्यापुरता. अडलं तर आधी शेजाऱ्याला विचारायचं, तरी अडलं तर तिथे प्रश्नचिन्ह काढून पुढे जायचं. सरांच्या चटईपाशी फक्त रक्त, उलटी किंवा लघवीसाठी यायचं. मुलं हा तिसरा नियम ऐकून हसतात आणि म्हणूनच लक्षात ठेवतात. अतिरिक्त पेन्सिली, खोडरबर, कोरे कागद एका खोक्यात वर्गाच्या दुसऱ्या टोकाला.

काम असं हवं की जे त्यांना आधीच येतं: वाचनपेटीतलं पुस्तक जोडीने वाचणं, कालच्या पद्धतीची दहा गणितं, मामाला पत्र, गोष्टीचा शेवट बदलून लिहिणं. नवं काही देऊ नका. आणि काम संपलं की काय करायचं हे फळ्यावर आधीच लिहिलेलं असू द्या. द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी एकत्र असेल तर उलट सोपं जातं, तिथल्या मुलांना शिक्षक दुसऱ्या इयत्तेकडे असताना स्वतःचं काम करायची सवय असते.

एक बैठक जवळून

स्वरचिन्हांचा गट घेऊ. पाच मुलं, चटई, प्रत्येकाजवळ पाटी. पाटी हवीच, चुकलं की पुसून टाकता येतं, वहीतली लाल रेघ मात्र वर्षभर दिसत राहते. मुलं अर्धवर्तुळात, कुणाच्याही पाटीपर्यंत तुमचा हात पोचेल अशी.

पहिली ३ मिनिटं कालच्या शब्दपट्ट्या. आठ पट्ट्या, झपाझप.

पुढची ७ मिनिटं आजचं काम. पाटीवर ‘दर’ लिहा. सगळे वाचतात. काना द्या: ‘दार’. काना पुसून उकार द्या: ‘दूर’. तो पुसून काना-मात्रा: ‘दोर’. एका वेळी एकच गोष्ट बदलते, आणि बदल मुलांच्या डोळ्यांदेखत होतो. हाच खेळ ‘पळ, पाळ, पीळ, पोळ’ किंवा ‘गळ, गाळ, गूळ’वर चालतो. सगळे खरे शब्द आहेत, त्यामुळे वाचल्यावर अर्थ विचारता येतो: दोर कशाला लागतो? दूर कोण राहतं? कुणी ‘दार’ला ‘दर’ म्हणालं तर ‘चूक’ म्हणू नका, बोट कान्यावर ठेवून आवाज लांबवा: दाऽऽर. बोट आणि आवाज एकाच वेळी चालले पाहिजेत.

पुढची ८ मिनिटं वाचन. इथे एक सवय मोडायची आहे: ‘तू वाच, मग तू वाच’. ओळीने वाचायला लावलं की प्रत्येक मूल आपल्या वाट्याचं वाक्य आधीच मोजून घोकतं आणि बाकीचं ऐकत नाही. त्याऐवजी पाचही जणांनी एकाच वेळी कुजबुजत्या आवाजात, आपापल्या गतीने, पूर्ण उतारा वाचायचा. तुम्ही एकाच्या कानाजवळ वाका, त्याने आवाज किंचित वाढवायचा, मिनिटभर ऐका, पुढे सरका. आठ मिनिटांत प्रत्येक मूल आठ मिनिटं वाचतं. सुरुवातीला दोन दिवस गोंधळ होतो, मग जमतं. एकसुरात सामूहिक वाचन मात्र टाळा. त्यात न वाचणारं मूल अर्ध्या क्षणाने मागून शब्द उचलतं आणि ते तुम्हाला ऐकू येत नाही.

अडलेल्या मुलाला मनात पाच मोजेपर्यंत वेळ द्या. बहुतेक शिक्षक एक सेकंदही थांबत नाहीत, आणि शेजारचा हुशार तर त्याहून कमी. पाच झाले, नाही आलं, तर चिन्हावर बोट ठेवा. तरी नाही आलं तर शब्द सांगून टाका आणि वाक्य पहिल्यापासून वाचून घ्या.

मग ५ मिनिटं श्रुतलेखन: आज वाचलेल्यांतले सहा शब्द आणि एक वाक्य, पाटीवर. मूल वाचताना अंदाज करू शकतं, लिहिताना करता येत नाही. ज्याने ‘मीठ’ बरोबर वाचलं पण ‘मठ’ लिहिलं, त्याची वेलांटी अजून पक्की नाही. उरलेल्या २ मिनिटांत पाट्या पुसण्याआधी वहीत नोंद.

जोडणी न येणारी मुलं

अक्षरं येतात पण शब्द होत नाही, हा प्रकार सगळ्यांत चिवट, आणि त्याचं कारण आपल्या शिकवण्यातच असतं. देवनागरीतल्या प्रत्येक सुट्या व्यंजनात ‘अ’ मुरलेला असतो. ‘घ’ आणि ‘र’ वेगवेगळे ठासून म्हटले तर ‘घअ-रअ’ होतं. बोलताना आपण ‘घर्’ म्हणतो, शेवटचा ‘अ’ गिळतो. ‘बसला’ हा शब्द ‘ब-स-ला’ नसून ‘बस्-ला’ असतो. मूल तीन अक्षरं प्रामाणिकपणे म्हणतं आणि त्यातून त्याला ओळखीचा शब्दच ऐकू येत नाही. मग आपण म्हणतो, ‘अरे जोड ना!’ जोडायचं काय ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

उपाय आधी तोंडी, कागदाशिवाय. ‘मी शब्द तोडून बोलतो, तुम्ही जोडा: न… ळ. पा… ट. बस… ला.’ रोज दहा शब्द, तीन दिवस. मग अक्षरं. पहिलं अक्षर थांबू न देता ताणायचं आणि दुसऱ्यावर उतरायचं: घऽऽर. शेवटचं अक्षर ‘अर्धवट सोड’ असं सांगितलं की मुलांना लगेच कळतं. तीन अक्षरांच्या शब्दात पट्टी घडी घालून आधी दोनच दाखवा.

ज्यांना अक्षरंच पक्की नाहीत त्यांना ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत पुन्हा नेऊ नका. सहा अक्षरं आणि काना घ्या: म, क, र, न, ल, प. एवढ्यातच मका, नाक, कान, पान, पाल, माप, कमान, कमाल असे शब्द होतात आणि मूल पहिल्याच आठवड्यात खरं काहीतरी वाचतं. दिसायला सारखी अक्षरं एकत्र शिकवू नका. ‘घ आणि ध यांतला फरक बघा’ म्हणत दोन्ही शेजारी मांडली की आयुष्यभराचा घोळ होतो. एक पक्कं होऊ द्या, दहा-बारा दिवस जाऊ द्या, मग दुसरं.

जोडाक्षरांच्या गटाबद्दल थोडक्यात: बहुतेक अडचण ‘र’ची असते. ‘प्रकाश’, ‘राष्ट्र’, ‘सूर्य’, ‘दुसऱ्या’ या चार शब्दांत ‘र’ चार वेशांत येतो. त्यातही रफार डोळ्याला नंतर दिसतो आणि तोंडाने आधी म्हणायचा असतो, म्हणून ‘सूर्य’चा ‘सूयर’ होतो. एका आठवड्यात एकच वेश. ओघासाठी ६०-८० शब्दांचा उतारा एकाच बैठकीत तीनदा वाचून घ्या, पहिल्या आणि तिसऱ्या वेळी मिनिटाला किती शब्द झाले ते मुलालाच मोजू द्या. वाचन-गणिताचा पाया पक्का करण्यासाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये सुरू केलेल्या निपुण भारत अभियानाचं तिसरीअखेरचं लक्ष्य मिनिटाला किमान ६० शब्द, समजून, असं आहे. ते नजरेसमोर असू द्या, पण तुलना मुलाच्या स्वतःच्या मागच्या आठवड्याशीच करा. आकडा ढोबळच असतो: मराठीत ‘घराजवळच्या’ हाही एकच शब्द, ‘तो’ हाही एकच.

वजाबाकी

गणितासाठी चाचणी आणि गट दोन्ही वेगळे. वाचनात मागे असलेली तीन-चार मुलं वजाबाकीत चांगली निघतात, आणि हे कळणं त्यांच्यासाठीही चांगलं. सहा गोष्टी पुरतात: ३८ वाचणं, ‘सत्तावीस’ आणि ‘एकोणपन्नास’ ऐकून लिहिणं, मग ४७ − २३, ५२ − २७, ४०२ − १५६.

‘सत्तावीस’चे ७२ लिहिणारं मूल ऐकल्या क्रमाने लिहितं, कारण मराठीत एकक आधी उच्चारतो. ‘एकोणपन्नास’चे ५९ लिहिणारं ‘पन्नास’ ऐकून ५ लिहितं आणि एकोण म्हणजे नऊ एवढंच त्याला आठवतं. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशी वाचनपद्धतही दिली तेव्हा बरीच चेष्टा झाली, पण गटात ती पद्धत उपयोगी पडते. दोन आठवडे ‘चाळीस नऊ, म्हणजे एकोणपन्नास’ असं जोडीने म्हणून घ्या, मग पहिला भाग गळून पडतो. हे पक्कं नसताना हातच्याच्या वजाबाकीला हात घालू नका.

५२ − २७ चं उत्तर ३५ आलं तर मुलाने निष्काळजीपणा केलेला नाही. दोनातून सात जात नाहीत म्हणून त्याने सातातून दोन काढले. ४०२ − १५६ चं ३५४ हेच सांगतं. नियम सुसंगत आहे, फक्त चुकीचा आहे; म्हणून ‘नीट बघून कर’ याचा काही उपयोग होत नाही.

खराट्याच्या हिरांचे बोटभर तुकडे करा, दहा-दहांचे गठ्ठे रबरबँडने बांधा. मुलासमोर ५२ म्हणजे पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या. आता सात काड्या दे. दोनच आहेत. मूल थांबतं, तुमच्याकडे बघतं. इथे तुम्ही गठ्ठा सोडलात तर सगळं फुकट. रबरबँड मुलाच्याच हाताने सुटला पाहिजे. सुटला की बारा सुट्ट्या, चार गठ्ठे. बारातून सात गेले, पाच उरले. चारातून दोन गठ्ठे गेले, दोन उरले. २५. तीन दिवस नुसत्या काड्या, मग दोन दिवस काड्यांऐवजी चित्र, गठ्ठ्याला उभी रेघ आणि सुट्ट्याला ठिपका, मग अंक. अंकांवर आल्यावरही ‘हातचा घेतला’ न म्हणता ‘एक गठ्ठा सोडला’ म्हणा. आणि सरावात हातच्याची आणि बिनहातच्याची गणितं मिसळून द्या, नाहीतर मूल ४७ − २३ मध्येही सवयीने चार खोडून तीन लिहितं.

नोंद, बाहेर पडणं, आणि काहीच न हलणं

दर गटाला वहीचं एक पान. तारीख, आज काय घेतलं, कोण कुठे अडलं, उद्या काय. चार ओळी पुरे. केंद्रप्रमुखांना दाखवण्यासाठी वेगळे रंगीत तक्ते करायला लागलात की गटाचा वेळ तक्त्यांत जातो.

मोजमाप आठवड्यांत न करता बैठकांत करा. प्रशिक्षणं, मतदार याद्या, सण, स्नेहसंमेलन यांत ‘सहा आठवडे’ म्हणता म्हणता बैठका नऊच झालेल्या असतात, आणि मग गटाने काही होत नाही असा निष्कर्ष निघतो. २० ते २४ बैठका हे एक आवर्तन. दर आठ बैठकांनी पाच मिनिटांची चाचणी, न पाहिलेल्या मजकुरावर. त्याच उताऱ्यावर पुन्हा चाचणी घेतली तर पाठांतराचे गुण मिळतात.

लागोपाठ दोन चाचण्यांत टप्पा पार झाला की मूल त्या गटातून बाहेर, किंवा पुढच्या गटात. गट वर्षभर तसाच राहिला तर तो गट राहत नाही, तुकडी होते. एखाद्याला ठेवून घ्यायचा मोह होतो, कारण आता तो छान वाचतो आणि गटाची शोभा वाढवतो. त्याला जाऊ द्या.

आठ बैठकांत काहीच हललं नाही तर आधी स्वतःचा टप्पा तपासा, बहुतेक वेळा काम एक पायरी वर चाललेलं असतं. टप्पा बरोबर असूनही २० बैठकांत हलत नसेल तर डोळे आणि कान. मूल फळ्यावरचं चुकीचं उतरवतं पण पुस्तकातलं बरोबर, डोकं एका बाजूला कलतं, पाठीमागून हाक मारली तर वळत नाही, सतत कान फुटलेला असतो. या गोष्टी लिहून ठेवा आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आरोग्य तपासणी पथक शाळेत आलं की त्यांना नेमकं सांगा, नुसतं ‘अभ्यासात मागे’ सांगू नका. तेही ठीक असेल तर समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना बोलवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सियासारखी वाचन, लेखन किंवा गणितातली अडचण) समाविष्ट आहे, त्याचं निदान आणि प्रमाणपत्र वैद्यकीय यंत्रणेचं काम. ‘याला डिस्लेक्सिया आहे’ असं शिक्षकाने ठरवू नये, पालकांपुढे तर अजिबात नाही. तुमच्या वहीतल्या २० बैठकांच्या नोंदी मात्र त्या तपासणीत फार कामाला येतात.

पालकांना चाचणीचा कागद दाखवू नका, बरोबर आलेले शब्द दाखवा. ‘ताई, रोज जेवणाआधी दहा मिनिटं याच्याकडून हे पान ऐका. अडला तर रागावू नका, दुसऱ्या दिवशी मला सांगा’ एवढं पुरतं. आई-वडिलांना वाचता येत नसेल तरी ऐकता येतं. घरी दहा वेळा लिहायला मात्र देऊ नका. ‘मीठ’ दहादा लिहिताना मूल आधी दहा ‘म’ काढतं, मग दहा वेलांट्या, मग दहा ‘ठ’. शब्द त्याने एकदाही लिहिलेला नसतो.

बीड-जालना पट्ट्यात किंवा ऊसतोडीला जाणारी कुटुंबं असलेल्या कुठल्याही गावात आणखी एक हिशेब ठेवा. दिवाळीच्या आसपास मुलं जातात, परतायला मार्च-एप्रिल उजाडतो. मूल आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहिलं तर गट चालू राहतो. जाणारच असेल तर त्याच्या गटाच्या बैठका सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दाट करा, आठवड्याला चारऐवजी सहा, आणि जाताना त्याच्या टप्प्याच्या तीस शब्दपट्ट्या आणि दोन पातळ पुस्तकं बरोबर द्या. परत आल्यावर जुन्या गटात थेट बसवू नका. पुन्हा पाच मिनिटांची चाचणी घ्या, बहुधा एक टप्पा खाली गेलेलं असतं. एप्रिलमध्ये त्या टप्प्याचा गट चालू नसेल तर दोघा-तिघांचा नवा काढा, पण त्याला पाचवीच्या तोंडावर जोडाक्षरांच्या गटात ढकलू नका.

गटातून बाहेर पडलेल्या प्रत्येकाचं नाव कॅलेंडरवर तीन आठवड्यांनंतरच्या तारखेला लिहून ठेवा. त्या दिवशी न पाहिलेली चार वाक्यं, पाच मिनिटं. अडखळलं तर परत गटात, पण पाच-सहा बैठकांपुरतंच.